जुने गेम, नवे कॉम्प्युटर: सांगलीत मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. दिवसभर फॉरमॅट, रॅम, प्रिंटर, तुटलेल्या बिजागऱ्या. संध्याकाळी सहानंतर मात्र एखादा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, समोरचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतो आणि मग हळूच विचारतो, "दादा, ते आपलं मुस्तफा लागंल का ह्याच्यावर?" कधी चाळिशीतले शिक्षक असतात, कधी बँकेतले साहेब, कधी वालचंद कॉलेजातली पोरं. प्रश्न तेच असतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगण्यात तास जातो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय.

जुने गेम म्हणजे नक्की कुठले?

मी साधारण १९८५ ते २००५ धरतो. त्यानंतरचे बरेच गेम आजच्या विंडोजवर फारशी खटपट न करता चालतात, त्यासाठी माझी गरज लागत नाही.

इतके चांगले नवे गेम असताना हे आता कशाला खेळायचे?

कारण आपण ते पुरते खेळलोच नाही. आठवून बघा. सायबर कॅफेत तासाला पैसे मोजायचे, एका खुर्चीवर तिघं बसायचे, एकाच्या हातात बाणांची बटणं, दुसऱ्याच्या हातात बंदूक. रंगात आलं की लोडशेडिंग. परत गेलो की त्या मशीनवर दुसरा कोणीतरी बसलेला आणि आपला सेव्ह उडालेला. गेमची कॉपी कुठून आली, कोणी बनवला, गोष्ट काय, शेवट काय, यातलं काही माहीत नव्हतं. कितीतरी गेमची खरी नावंसुद्धा आपल्याला कळली नाहीत. मी स्वतः प्रिन्स ऑफ पर्शिया शाळेत असल्यापासून खेळत होतो, आणि पहिल्यांदा राजकन्येपर्यंत पोचलो तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

आज तोच गेम तुमच्या घरी, तुमच्या वेळेला, बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर चालतो. अर्धं सोडलेलं पुस्तक पुन्हा हातात यावं तसं आहे हे. आणि पुढचं पान खरंच चांगलं आहे, म्हणून मी लोकांच्या मागे लागतो.

माझ्याकडे ओरिजिनल सीडी आहे. विंडोज ११ वर का चालत नाही?

याची चार वेगवेगळी कारणं असतात, आणि आपल्या बाबतीत कुठलं ते ओळखलं की निम्मं काम झालं.

पहिलं, गेम किंवा त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या पद्धतीने लिहिलेला असतो. ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्राम उघडतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. डॉसचे (विंडोजच्या आधीची, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची सिस्टीम) गेम इथेच अडतात. विंडोज ९५ च्या काळातले बरेच गेम तर गमतीदार असतात: आतला गेम ३२ बिटचा, पण इन्स्टॉलर १६ बिटचा. तिथे गेम चालला असता, दारच उघडत नाही.

दुसरं, सीडीचं कुलूप. २००० च्या आसपासच्या पुष्कळ सीड्यांवर सेफडिस्क नावाचं संरक्षण होतं. त्यासाठी विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागायचा. त्यात सुरक्षेचं भोक होतं, म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये जुन्या विंडोजवर तो बंद केला आणि विंडोज १० मध्ये ठेवलाच नाही. तुमची सीडी पैसे देऊन घेतलेली, चकचकीत असली तरी मशीन ती मानत नाही. इथे सीडीचा नाद सोडून डिजिटल आवृत्ती घेणं हाच सरळ मार्ग.

तिसरं, चित्र काढण्याची जुनी पद्धत. तेव्हाचे गेम २५६ रंगांची पेटी ठरवून घ्यायचे आणि त्यातूनच रंगवायचे. आजचं विंडोज मध्येच ती पेटी बदलतं आणि पहिल्या एज ऑफ एम्पायर्समधलं गवत जांभळं-गुलाबी होतं. ग्राफिक्स कार्ड बिघडलं समजून लोक माझ्याकडे येतात. कार्डाला काही झालेलं नसतं. डीजीव्हूडू किंवा सीएनसी-डीड्रॉ असा छोटा दुभाषी प्रोग्राम गेमच्या फोल्डरमध्ये टाकला की रंग जागेवर येतात.

चौथं, डायरेक्टप्ले. जुन्या गेमना लागणारा हा विंडोजचा भाग अजून आत आहे, फक्त बंद ठेवलेला असतो. कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये, लेगसी कंपोनंट्सखाली त्याची चौकट आहे. तिथे टिक करा. मी बघितलेल्या जुन्या विंडोज गेमपैकी बरेच एवढ्यानेच उठून बसले.

डॉसबॉक्स म्हणजे काय? अवघड असतं का?

डॉसबॉक्स म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा एक खोटा जुना कॉम्प्युटर: त्याला जुनं साऊंड कार्ड आहे, जुना प्रोसेसर आहे, डॉस आहे. २००२ पासून तो फुकट मिळतो. आज नव्याने घेणार असाल तर डॉसबॉक्स स्टेजिंग ही सुधारलेली आवृत्ती घ्या.

गेमचं फोल्डर एका जागी ठेवा, माउंट कमांडने ते सी ड्राइव्ह म्हणून जोडा, आणि आत जाऊन गेमच्या फाइलचं नाव टाइप करा. जुन्या मंडळींना हे हातात बसलेलं असतं, सीडी आणि डीआयआर या कमांड लिहिताना त्यांची बोटं आपोआप चालतात. ऑल्ट-एंटरने पूर्ण पडदा होतो. माऊस आत अडकला तर कंट्रोल-एफ१०.

विकत घेतलेल्या डॉस गेमसोबत हे सगळं आधीच जोडून येतं. डबल क्लिक करायचं, बस.

गेम इतका पळतो की खेळता येत नाही. काय करू?

बऱ्याच जुन्या गेममध्ये घड्याळाचा हिशेब नसायचा. प्रोसेसर जितका वेगवान तितका गेम वेगवान. म्हणूनच तेव्हाच्या कॅबिनेटवर टर्बो नावाचं बटण असायचं. नाव टर्बो, पण खरा उपयोग वेग उतरवण्यासाठी. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल-एफ१२ ने वाढतो. आवाज तुटेनासा झाला आणि माणसं माणसासारखी चालायला लागली की थांबा.

विंडोजच्या गेममध्येही हा रोग आहे. व्हाइस सिटी या गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची याची मर्यादा) आहे, तो चालूच ठेवा. बंद केला की चित्र गुळगुळीत होतं, पण गाड्या विचित्र वागायला लागतात.

सगळी माणसं बुटकी आणि जाड का दिसतात?

पडदा ताणलाय. तेव्हाचे मॉनिटर ४:३ होते, आजचे १६:९. सेटिंगमध्ये "अस्पेक्ट" शब्द शोधा आणि मूळ प्रमाण ठेवा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्यात. लोकांना पट्टे म्हणजे वाया गेलेली जागा वाटते. पण चित्रकाराने ठिपका-ठिपका बसवून काढलेला चेहरा त्याने काढला तसा बघायचा असेल तर हे पाहिजेच. डॉसच्या ३२० बाय २०० च्या गेममध्ये तर ठिपकेसुद्धा चौरस नव्हते, किंचित उभे होते. डूममधला सैनिक ताणलेल्या पडद्यावर बेडकासारखा दिसतो.

हे सगळे गेम नेटवर फुकट असतात ना? मग विकत कशाला?

काही खरोखर फुकट आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. बाकीचे फुकट नाहीत, फक्त चोरलेले मिळतात. "अबँडनवेअर" नावाखाली बऱ्याच साइट गेम देतात, पण कंपनीने विकणं थांबवलं म्हणून तिचा हक्क संपत नाही. कायद्यात त्या शब्दाला काही अर्थ नाही.

आपल्या पिढीने पैसे देऊन गेम घेतला नाही, कारण सांगलीत तो मिळतच नव्हता. हरभट रोडवर कुठल्या दुकानात ओरिजिनल सीडी ठेवलेली मला आठवत नाही. आता तसं राहिलेलं नाही. स्टीम या नेटवरच्या दुकानात रुपयांत किंमत दिसते, आणि सेलमध्ये जुना गेम एका भेळेच्या पैशात येतो. ज्यांनी हे बनवलं त्यांना किंवा त्यांचं काम जपणाऱ्यांना चार पैसे पोचावेत, असं मला मनापासून वाटतं.

नेटवरची दोन दुकानं लक्षात ठेवा. जीओजी हे पोलंडमधलं, २००८ मध्ये जुन्या गेमसाठीच सुरू झालेलं. तिथल्या गेमला कुलूप नसतं. इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवला की तो तुमचा, नेट असो नसो. गेम आजच्या विंडोजवर चालावा म्हणून तेच डागडुजी करून देतात, आणि चालला नाही तर ३० दिवसांत पैसे परत. स्टीमवर गेम जास्त आहेत. परताव्याची अट अशी की घेऊन १४ दिवस व्हायच्या आत मागायचा आणि गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. दोन्हीकडे असेल तर मी जीओजीवर घेतो.

नुसती चव घ्यायची असेल तर इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर डॉसचे हजारो गेम ब्राउझरमध्येच उघडतात. तो संग्रह २०१५ पासून आहे.

प्रिन्स ऑफ पर्शिया आज कसा खेळायचा?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात आवडीने देतो.

जॉर्डन मेकनरने हा गेम १९८९ मध्ये अॅपल टू या मशीनसाठी बनवला, डॉसवर तो १९९० मध्ये आला. राजपुत्र इतका खरा धावतो, कठड्याला लटकतो, उडी मारून अडखळतो, कारण तो खरंच कोणीतरी धावलेला आहे. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम गिरवली.

चौथ्या लेव्हलमध्ये आरशातून राजपुत्राची सावली बाहेर पडते. ती कशी जन्मली ठाऊक आहे? मशीनच्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं गणिताने थोडी फिरवून चकाकती आकृती बनवली. जागा नाही म्हणून आलेली ती सावली अख्ख्या गोष्टीचा कणा झाली. आपल्याकडे चाळीच्या दोन खोल्यांत अख्खं लग्न पार पडायचं, त्याची मला आठवण होते.

खेळायला एसडीएलपॉप नावाची आवृत्ती घ्या. डॉसच्या गेमचा आतला कोड उलगडून हौशी लोकांनी ती आजच्या मशीनसाठी नव्याने बांधली आहे, डॉसबॉक्स लागत नाही. मेकनरचा मूळ अॅपल टूचा कोडही २०१२ मध्ये जुन्या फ्लॉप्यांमधून सापडला आणि त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला.

कॅफेत कोणी न सांगितलेल्या गोष्टी सांगतो. शिफ्ट धरून बाण दाबला की राजपुत्र जपून एकेक पाऊल टाकतो. असं चालत गेलात तर जमिनीतले सुळे लागत नाहीत. फरशी हलत असेल तर उभ्या उभ्या उडी मारून तपासा. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी ने सेव्ह होतं. तिथला सांगाडा तलवारीने मरत नाही, त्याला मागे रेटत खड्ड्यात पाडायचं. पूर्ण गेमला ६० मिनिटं असतात आणि मेलात तरी घड्याळ थांबत नाही, म्हणून घाई आणि सावधगिरी दोन्ही लागतं. शेवटाकडे सावली पुन्हा समोर येते. तिच्यावर वार केलात तर घाव तुम्हालाच लागतो. तिथे काय करायचं ते मात्र मी सांगणार नाही.

मुस्तफा कुठे मिळेल?

त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. जपानच्या कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेला नाण्याच्या मशीनवरचा गेम. मुस्तफा हे त्यातल्या चौघांपैकी एकाचं नाव, पिवळी टोपीवाला, धावत येऊन लाथ मारणारा. आपल्या पोरांनी गेमलाच त्याचं नाव दिलं. एसटी स्टँडच्या आसपासच्या व्हिडिओ गेमच्या अंधाऱ्या खोल्यांत टोकन टाकून खेळलेल्या माणसाला बाकी तिघांची नावं विचारा, सांगता येणार नाहीत.

वाईट बातमी अशी की हा गेम पीसीवर विकत मिळत नाही. तो एका अमेरिकन कॉमिकवरून घेतलेला, वर नावात गाडीच्या कंपनीचं नाव. हक्कांची गुंतागुंत मोठी. कॅपकॉमने २०१८ मध्ये अशा मारामारीच्या गेमचा संच काढला तेव्हाही हा त्यात नव्हता. नेटवर तो एमुलेटरसह (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) सर्रास पडलेला असतो, पण मी तो कोणाला टाकून देत नाही. त्या २०१८ च्या संचात फायनल फाइट आहे, कॅप्टन कमांडो आहे, नाइट्स ऑफ द राउंड आहे. हात तोच, मजा तीच, आणि दोघांनी शेजारी बसून खेळता येतं. मेटल स्लगही स्टीमवर आहे. सत्त्याण्णवचा किंग ऑफ फायटर्ससुद्धा.

रोड रॅश?

विंडोजवर १९९६ मध्ये आला, आज कुठेच विकत नाही. रोड रिडेम्प्शन हा २०१७ चा गेम त्याच धर्तीचा आहे. गाडी चालवत बाजूच्याला हाणणं, पोलिसांना चुकवणं, सगळं आहे. मूळची साखळी हिसकावून घेण्याची ऐट त्यात थोडी कमी वाटते, तरी दोन संध्याकाळी छान जातात.

मारिओ आणि कॉन्ट्रा?

मारिओ निंटेंडोचा, आणि निंटेंडो तो पीसीसाठी विकत नाही. सुपरटक्स नावाचा फुकट, खुला गेम आहे, मारिओच्या वळणाचा. लहान मुलांना तो पुरतो. कॉन्ट्रा मात्र मिळतो. कोनामीचा २०१९ चा कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन स्टीमवर आहे आणि टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये होता तो कॉन्ट्रा त्यात आहे. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए: ३० जीव. आमच्या वर्गात पाढे न येणाऱ्यालाही हे पाठ होतं.

एज ऑफ एम्पायर्सची कुठली आवृत्ती घेऊ?

दुसऱ्या भागाची डेफिनिटिव्ह एडिशन, २०१९ ची. डोळे झाकून घ्या. मूळ गेम १९९९ चा, पण तो अजून जिवंत आहे, अजून त्यात नवी राज्यं येतात. २०२२ मध्ये तर खास भारतावरचा भाग आला: गुर्जर, बंगाली, द्रविड, हिंदुस्थानी, आणि राजेंद्र चोळाची मोहीम. त्यासाठी वेगळे पैसे पडतात.

आमच्या भागातल्या माणसाला एक सुधारणा फार भावते. मूळ गेममध्ये शेत कस संपून ओसाड पडायचं आणि प्रत्येक वेळी हाताने नवं घालावं लागायचं. लढाईच्या धांदलीत ते राहायचं आणि फौज उपाशी. आता शेत आपोआप पुन्हा पेरलं जातं. तासगावचे एक द्राक्षबागायतदार काका हे बघून खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "हे आधी का नाही केलं?"

लॅपटॉप साधा असेल तर मोठ्या चित्रांचा पॅक वेगळा असतो, तो उतरवू नका. पहिल्या भागाचीच ओढ असेल, तो "वोलोलो" म्हणणारा पुजारी पाहिजे असेल, तर २०२३ चा रिटर्न ऑफ रोम हा जोड भाग घ्या. तोही याच गेममध्ये चालतो.

आयजीआय?

जीओजीवर आधी शोधा. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओचा २००० चा गेम, १४ मोहिमा. मोहिमेच्या मध्ये सेव्ह करता येत नाही. चाळीस मिनिटं सरपटत गेल्यावर टॉवरवरच्या एका माणसाने टिपलं की परत कुंपणापासून सुरुवात. त्यामुळे कॅफेत आपण पहिल्या दोन-तीन मोहिमांपुढे गेलो नाही. घरी शांतपणे, दुर्बिणीने आधी कॅमेरे मोजून, एकदा तरी पुढे जाऊन बघा. सगळीकडून येणारा वाऱ्याचा आवाज आणि ते मोकळे डोंगर अजून अंगावर येतात.

व्हाइस सिटीची नवी आवृत्ती चांगली आहे का?

२०२१ मध्ये आली तेव्हा वाईट होती. पावसात पुढचं दिसत नव्हतं, चेहरे मेणाचे वाटत होते. २०२४ च्या शेवटी मोठी दुरुस्ती झाली, आता खेळण्यासारखी आहे. तुमच्याकडे २००३ ची मूळ प्रत चालू स्थितीत असेल तर मी तीच ठेवा म्हणेन.

आणि यावेळी पँझर टाइप करून रणगाडा मागवू नका. आपण सगळ्यांनी तेच केलं, शहरभर गाड्या उडवल्या आणि गोष्ट कधी पाहिलीच नाही. १९८६ सालातलं ते शहर, रेडिओवरची बोलणी, एकेक इमारत विकत घेत जाणारा नायक टॉमी. मिशन खेळत गेल्यावर ते उलगडतं. खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचं मिशन अवघड आहे, तिथे चिकाटी धरा. गेम मोठ्यांचाच आहे, मुलांसमोर नको.

डूम अजून खेळण्यासारखा आहे?

१० डिसेंबर १९९३ ला आला आणि आजही त्याच्याइतका चपळ बंदुकीचा गेम मला दुसरा सापडला नाही. त्यातला पहिला टप्पा तेव्हापासूनच फुकट वाटायला मोकळा होता. १९९७ मध्ये कोडही खुला झाला, त्यामुळे आज तो प्रिंटरच्या पडद्यावरही लोक चालवून दाखवतात. पैसे न घालता खेळायचा तर जीझेडडूम आणि फ्रीडूम हे दोन उतरवा: एक इंजिन, दुसऱ्यात हौशी लोकांनी बनवलेली चित्रं आणि नकाशे. मूळ गेमच घ्यायचा तर २०२४ ची एकत्र आवृत्ती, पहिला आणि दुसरा भाग त्यात आहेत.

आम्ही कधी ऐकला नाही असा एखादा सांगा.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून जो विचारेल त्याला मी चहा पाजतो.

ओपनटीटीडी. १९९४ मध्ये क्रिस सॉयर या माणसाने ट्रान्सपोर्ट टायकून बनवला. २००४ पासून हौशी मंडळी तो नव्याने बांधताहेत आणि तो पूर्ण फुकट आहे. गावं, खाणी, कारखाने. त्यांच्यात रेल्वे, बस, जहाजं चालवायची. यात उंचसखलपणाचा करडा नकाशा टाकला की तसा प्रदेश तयार होतो. मी कृष्णाकाठचा टाकला. सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज अशी गावांना नावं दिली आणि मिरजेला जंक्शन बांधलं. तीन दिशांच्या गाड्या एकमेकींची वाट अडवून उभ्या राहिल्या तेव्हा सिग्नल कशासाठी असतात ते मला पहिल्यांदा नीट कळलं. माझे सासरे रेल्वेत होते. त्यांनी मागे उभं राहून एकच फलाट हलवायला सांगितला आणि सगळी कोंडी सुटली. त्या रात्री आम्ही बारापर्यंत बसलो.

दुसरा, हीरोज ऑफ माइट अँड मॅजिकचा तिसरा भाग, १९९९ चा. एकाच कॉम्प्युटरवर आठ जणांपर्यंत आळीपाळीने खेळता येतं. सुट्टीत भाऊ-बहिणी जमल्यावर पत्त्यांसारखा डाव मांडा. जीओजीवरची कम्प्लीट आवृत्ती घ्या. २०१५ ची एचडी घेऊ नका, तिच्यात नंतरचे जोड भाग नाहीत.

तिसरा, बिनीथ अ स्टील स्काय, १९९४ चा. गोष्टीचा गेम आहे, इंग्रजी वाचता-ऐकता आलं पाहिजे. बनवणाऱ्यांनीच २००३ मध्ये तो फुकट केला. स्कमव्हीएम या प्रोग्राममध्ये चालतो, आणि स्कमव्हीएम मोबाइलवरही येतो.

विंडोज एक्सपीमधला पिनबॉल परत आणता येईल का?

येईल. ६४ बिटमध्ये नेताना चेंडू वस्तूंमधून आरपार जायला लागला आणि कारण सापडेना, म्हणून मायक्रोसॉफ्टने तो पुढे ठेवला नाही. आता हौशी लोकांनी कोड उलगडून नवा केलाय. त्याला चित्रं-आवाजाच्या मूळ फाइली लागतात. घरात जुना एक्सपीचा कॉम्प्युटर असेल तर प्रोग्राम फाइल्समधल्या विंडोज एनटी फोल्डरमध्ये त्या सापडतात. कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी बघा.

मुलांना कुठला देऊ?

सात-आठ वर्षांपर्यंत सुपरटक्स. पुढे डेंजरस डेव्ह: दहाच लेव्हल, कप घ्यायचा तेव्हा दार उघडतं, यात समजावण्यासारखं काही नाही. तो बनवणारा जॉन रोमेरो पुढे डूमच्या चमूत होता. दहाच्या पुढे एज ऑफ एम्पायर्स आणि ओपनटीटीडी. शेजारी बसून खेळा. या गेममध्ये जाहिराती नाहीत, हिरे विकत घ्या म्हणून कोणी मागे लागत नाही, हे मला आई-वडिलांना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

ग्राफिक्स कार्ड लागेल का?

नाही. ४ जीबी रॅमचा दहा वर्षांचा लॅपटॉप यातल्या बहुतेकांना पुरतो, डेफिनिटिव्ह आवृत्त्या सोडून. फक्त स्टीमने विंडोज ७ आणि ८ ला २०२४ पासून सोडलंय, तिथे जीओजीचे इन्स्टॉलर कामाला येतात.

लिनक्सवर?

डॉसबॉक्स, स्कमव्हीएम, ओपनटीटीडी जसेच्या तसे. विंडोजचे गेम स्टीमच्या प्रोटॉनमधून. काही जुने गेम विंडोज ११ पेक्षा तिथेच नीट चालतात.

घरी जुन्या सीड्या पडल्यात. ठेवू का टाकू?

आज संध्याकाळी त्यांच्या इमेज, म्हणजे हुबेहूब फाइल-प्रती काढा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझी पेटी तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर सीड्या धुतल्या, पुसल्या, वाळवल्या. चिखलाची बारीक वाळू पृष्ठभागावर ओरखडे पाडून गेली होती आणि काहींच्या वरचा चंदेरी थर सुटला होता. चाळीसातल्या सहा वाचल्या. एकीवर माझ्या थोरल्या भावाच्या अक्षरात गेमचं नाव होतं, तिचा फोटो तेवढा आहे.

सीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीचा मिळतो. सीडीची आयएसओ फाइल करून ती दोन जागी ठेवा, एक घरी, एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे. कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत ठेवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं. विंडोज १० आणि ११ मध्ये आयएसओ डबल क्लिकने उघडते.

अँटीव्हायरस जुन्या गेमला व्हायरस म्हणतो. खरं असतं का?

अनोळखी साइटवरून घेतला असेल तर खरं धरा आणि उडवा.

सुरुवात कुठून करू?

प्रिन्सपासून. आज रात्री जेवणं झाली की एसडीएलपॉप उतरवा, काही क्षणांत येतं. हेडफोन लावा, दाराचा आवाज ऐकायचा आहे. मागचं दार बंद झालं की उजवीकडे पहारेकऱ्याकडे धावू नका, हातात अजून तलवार नाही. आधी ती शोधा. अडलात तर संध्याकाळी सहानंतर या, पण कितवी लेव्हल आणि घड्याळात किती मिनिटं उरली होती ते लिहून आणा.